बिनधुराची शेगडी

अकोल्यातली ती खोली मीच पसंत केली होती, हे आधीच कबूल करून टाकतो. नाहीतर सगळं सांगून झाल्यावर आमच्या घरातून आवाज येणारच, "अन् खोली कोनं घेतली होती, ते नाई सांगितलं?"

छप्पन सालच्या नागपूरच्या धम्मदीक्षेला दोन वर्षं झाली होती. आमच्या दोन्ही घरांतून देव गेले होते आणि त्या कोनाड्यांत पुस्तकं आली होती. मी अमरावतीचा. बायको शेजारच्या बडनेऱ्याची. तिचे वडील तिथल्या लोको शेडमध्ये फायरमन, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत फावड्यानं कोळसा टाकणारे. त्यांच्या घरात लिहिण्यावाचण्याची नोकरी मिळालेली पहिली व्यक्ती म्हणजे ही मुलगी. अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत तिला जागा मिळाली, आणि त्याच गावात एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला मला घेतलं. माझी नोकरी पक्की होती. तिची कच्ची होती. पहिलं वर्ष लांब रजा न घेता पार पडलं तर कायम; नाहीतर तिच्या जागेवर टपलेले पुष्कळ होते.

खोली अशी : डाव्या अंगाला कापसाचं जिनिंग, मागं रेल्वेचं यार्ड, समोर कापूस बाजाराला जाणारा रस्ता, आणि त्या रस्त्यावर हंगामात बैलगाड्यांची रांग. मी दलालासारखे फायदे सांगितले. दोघांच्या शाळा जवळ, स्टेशन जवळ, विहीर आवारातच.

"हवा कशी आहे?" बायकोनं विचारलं.

"हवा सगळीकडं सारखीच असते," मी म्हणालो. मी विज्ञानाचा शिक्षक होतो, हे कृपया विसरू नये.

आवारात पाच बिऱ्हाडं होती. पाचही घरांचा स्वयंपाक पराट्यांवर. पराट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेली कपाशीची वाळकी झाडं. वऱ्हाडात त्यांच्यावर पिढ्यान् पिढ्या भाकरी भाजल्या गेल्या आहेत. पेटल्या की फडफडून जळतात, आणि जरा ओल्या असल्या की सगळ्या आवाराच्या डोळ्यांना पाणी आणतात. बायको सकाळच्या शाळेसाठी पहाटे उठून थंडीत अंगणातल्या चुलीपुढं बसायची, ते मला बघवेना. दिवाळीच्या सुट्टीत मी आरा मशीनवरून लाकडाचा भुसा आणला, तेलाच्या रिकाम्या डब्याला खाली भोक पाडलं, मधोमध बाटली उभी करून भोवती भुसा ठासून भरला आणि बाटली अलगद ओढून काढली. झाली शेगडी. खालून काडी लावली की भुसा आतल्या आत धुमसत राहतो. ज्वाला नाही, धूर नाही, फुंकर नाही. ती मी खोलीत आणून ठेवली आणि तिला म्हणालो, "घे. बिनधुराची शेगडी. आता बाहेर बसायचं काम नाही."

ती खूश झाली. घरमालकीण मावशी बघून गेल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमी तं इंजिनेर निंघाले." पुढं दोन महिने मी ते वाक्य पुरवून पुरवून खाल्लं.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. जिनाचं धुराडं जागं झालं, सरकीपासून रुई वेगळी करणारे रेचे घरघरू लागले, आणि अंगणातल्या दोरीवर, कपड्यांवर, मावशींच्या शेळीच्या पाठीवर पांढरी रुई येऊन बसू लागली. त्याच सुमारास बायकोला खोकला लागला. आधी तो नुसता खोकला होता. मग शाळेत जाताना रस्त्यात थांबावं लागू लागलं. मग एका सकाळी भाकरी थापता थापता ती हात टेकून बसली आणि तिच्या छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज यायला लागला. डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं आणि मला म्हणाले, "मास्तर, यांना इथं ठेवू नका. उन्हाळा लागेपर्यंत माहेरी पाठवा."

"उन्हाळ्यापर्यंत म्हणजे नोकरी गेली," ती म्हणाली. बोलायला तिला दोनदा श्वास घ्यावा लागला, पण वाक्य तिनं पुरं केलं.

ही बातमी बडनेऱ्याला कुणी पोचवली कोण जाणे. त्याच आठवड्यात सासरे दारात उभे. पन्नाशी ओलांडलेला काटक माणूस, बोटांच्या पेरांत कोळसा कायमचा मुरलेला.

"बाई, सामान बांद."

"बाबा, मी नाई येत."

"आयकून घे माहं. मी तीस वर्सं भट्टीपुढं उभा राहिलो. धूर छातीत बसला का मानसाचं काय होते, ते मले डॉक्टरनं सांगाची गरज नाई. माह्या जोडीच्या दोघाइले मी खांदा देल्ला."

"अन् नोकरी?"

"नोकरी मंग भेटते."

"मंग नाई भेटत, बाबा. तुमाले मालूम आहे."

सासऱ्यांना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मग म्हणाले, "संक्रांतीलोक. तवरिक तुहा श्वास सुधरला तं ठीक. नाई तं मी येतो अन् उचलून नेतो. अन् जवाईबापू, तुमी मधात बोलाचं नाई."

मी मधात बोललोच नव्हतो. बोलायचा विचार चेहऱ्यावर आला असावा.

(सण आम्ही सोडले होते, पण तारखा मोजायला ते सोयीचे पडतात.)

सासरे गेले आणि मी कंबर कसली. गुन्हेगार कोण ते शोधून काढायचं आणि संक्रांतीच्या आत त्याचा बंदोबस्त करायचा. एकदा ठरवलं की मी मागं हटत नाही. चूक ठरवलं असलं तर मुळीच हटत नाही.

पहिला संशय अर्थातच जिनावर. मी घरातल्या सात ताटल्यांना एरंडेलाचा हात फिरवला आणि त्या आवाराच्या भिंतीवर, विहिरीच्या कठड्यावर, कौलांवर, जिथं जागा मिळेल तिथं मांडल्या. त्या आठवड्यात आम्ही वरण वाटीतून प्यायलो. रोज संध्याकाळी एकेक ताटली पिशवीत घालून शाळेत नेऊन एकुलत्या एका सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. दिसायचे ते पांढरे लांब तंतू, मातीचे खडे, आणि एकदा मावशींच्या शेळीचा केस. मी पुरावा घेऊन जिनाच्या मॅनेजरकडं गेलो. तो शांतपणे पान लावत होता. माझी ताटली त्यानं उजेडात धरली.

"मास्तर, रुई आमचीच आहे. नाई कोन म्हनते?" तो म्हणाला. "पन आमी इतवारी जिन बंद ठेवतो. इतवारी बाईले बरं वाटते का?"

हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. घरी येऊन विचारलं, तर बायको म्हणाली, "रविवारीही तसंच असतं. उलट जास्तच. त्या दिवशी मी घरात असते ना." शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण कानांपुढं जाऊ दिलं नाही. जिनाच्या आत रेच्यांपुढं बसणाऱ्या बाया खोकत होत्या, ते त्या रुईनंच, यात शंका नाही. पण आमच्या खोलीतला खोकला तिच्यानं येत नव्हता.

दुसरा उपाय : रुई असो की माती, घरात येऊच द्यायची नाही. मी खिडकीच्या फटींना खळीनं वर्तमानपत्र चिकटवलं आणि दोन्ही खिडक्यांवर ओल्या चादरी सोडल्या. खोली विहिरीच्या तळासारखी झाली. मला पडसं झालं. बायकोचा श्वास आणखी जड झाला. मी म्हणालो, "बघ, बाहेरची हवा किती वाईट झाली आहे!" आणि तिसरी चादर ओली केली.

मग मी शाळेच्या गच्चीवर चढलो. डिसेंबरातली सकाळ, सूर्य नुकताच वर येत होता. तिथून जे दिसलं ते मी आजही विसरलेलो नाही. गावातल्या प्रत्येक अंगणातून धुराची एकेक दोरी सरळ वर जात होती. पण कडुनिंबाच्या शेंड्याएवढी उंची गाठली की ती थांबायची आणि आडवी पसरायची. यार्डातल्या इंजिनाचा धूर तिथंच, जिनाच्या धुराड्याचा थोडा वर, उकिरड्यावर कुणी पेटवलेल्या कचऱ्याचाही त्यातच. गावावर कुणी झाकण ठेवलं होतं. खालची हवा गार आणि जड, वरची ऊबदार. धूर मधे अडकलेला. ऊन चढलं तसं दहाच्या सुमाराला झाकण उचललं गेलं आणि आभाळ निळं झालं. संध्याकाळी पुन्हा तेच.

म्हणजे गुन्हेगार एक नव्हता. सगळं गाव होतं. दुसरा कुणी असता तर इथं हात टेकले असते. मी सगळ्या गावालाच सुधारायचं ठरवलं.

सुरुवात मावशींपासून केली. त्यांना समजावून सांगितलं की पराट्यांच्या धुरात फार बारीक कण असतात. मोठी धूळ नाकात अडकते, ही बारीक पूड थेट छातीच्या तळाशी जाते. मावशी चुलीत फुंकर घालता घालता ऐकत होत्या.

"मंग पराट्या नाई जाळाच्या तं काय जाळू? तुमच्या वह्या?"

पण मला याहून मोठी गोष्ट सापडली होती. दहावीच्या वर्गात आम्ही एक प्रयोग दाखवायचो. एका बाटलीत अमोनियाचं पाणी, दुसरीत हायड्रोक्लोरिक आम्ल. दोन्हींतून निघणारी हवा दिसत नाही. बाटल्यांची तोंडं जवळ आणली की मधल्या मधे पांढराशुभ्र धूर तयार होतो. कल्हईवाला तापल्या भांड्यात टाकतो त्या नवसागराची ती बारीक पूड. इतकी वर्षं मुलांना हा चमत्कार दाखवत होतो, पण त्या दिवशी बाटल्या हातात असताना मीच थबकलो. कोळशाच्या धुरात गंधकाची हवा असते, ती पुढं आम्ल होते. आणि समोरच्या रस्त्यावर रात्रंदिवस उभ्या असलेल्या शेकडो बैलांच्या शेणामुतातून अमोनिया निघतो. नाक असलेल्या कुणालाही विचारा. गार, दमट सकाळी ही दोघं त्या झाकणाखाली भेटत असणार. म्हणजे जी पूड कुणीच उडवली नाही, ती हवेतच जन्माला येत असणार!

मला राहवेना. वॉर्डाच्या वाचनालयात मी जाहीर सभा बोलावली. विषय : आपली हवा. थंडी होती म्हणून दारं लावून घेतली होती. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त ओव्हरसीअर. जिनाचा मॅनेजर, मावशी, गाडीवान मंडळी मिळून तीस-पस्तीस माणसं. बायको मागच्या बाकावर.

प्रस्तावना लांबली, लोक चुळबुळायला लागले. तेव्हा मी म्हणालो, "आता प्रत्यक्षच दाखवतो." वर्गात आपण दोन-चार थेंब घेतो. इथं सभागृह मोठं, शेवटच्या बाकापर्यंत दिसलं पाहिजे, या विचारानं मी दोन परातीच भरून आणल्या होत्या. शेजारी शेजारी ठेवल्या आणि वरचं फडकं काढलं.

पहिल्यांदा टाळ्या पडल्या. मग अध्यक्ष दिसेनासे झाले. मग टेबल दिसेनासं झालं. कुणीतरी ओरडलं, "दरवाजा खोला बे!" आणि माझ्या व्याख्यानातला पुढचा भाग मी रिकाम्या बाकांपुढं खोकत पूर्ण केला. बाहेर रस्त्यावर सगळी सभा डोळे पुसत उभी. मॅनेजर मला म्हणाला, "मास्तर, माह्या धुराड्यानं वीस वर्सांत जे नाई केलं, ते तुमी पाच मिंटांत करून दाखवलं." अध्यक्षांनी फक्त एवढंच विचारलं, "तुम्ही कल्हई करून देता का?"

पण हे सगळं हसण्यावारी नेता येत नाही. मागच्या बाकावरून बाहेर पडायला बायकोला वेळ लागला होता. ती वाचनालयाच्या पायरीवर बसली होती, मावशी तिची पाठ चोळत होत्या, आणि पाऊण तास ती एक शब्द बोलू शकली नाही. मी समोर उभा होतो. शाळेची आम्लाची बाटली माझ्या हातात होती आणि ती कुठं ठेवावी ते मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला जे सुनावलं ते सुनावलं. त्यापेक्षा घरचं ऐकावं लागलं ते महत्त्वाचं. ती रागावली नाही. शांतपणे म्हणाली, "झाले तुमचे प्रयोग? आता एक मी करते. त्या ताटल्या आधी राखेनं घासून आणा. अहो, ताटल्या श्वास घेतात का?"

तिनं जुन्या पांढऱ्या पातळाचे पाच रुमाल फाडले. लाल दोऱ्यानं प्रत्येकावर खूण घातली; एकावर एक टाका, दुसऱ्यावर दोन, असे पाच. आणि आठवडाभर ती ते नाकातोंडावर ओले करून बांधू लागली. एक घरात स्वयंपाक करताना, दुसरा सकाळी शाळेत जाताना, तिसरा दुपारी कापूस बाजारातून परत येताना, चौथा संध्याकाळी अंगणात, पाचवा जिनाच्या भिंतीलगतच्या विहिरीवरून पाणी आणताना. ज्याची त्याची वेळ ठरलेली. दुसरीकडं तो वापरायचा नाही, धुवायचा नाही.

मावशी म्हणाल्या, "बाई, जैनाची साध्वी व्हाचं ठरवलं का?" शाळेत मुली हसल्या, म्हणे. ती बांधतच राहिली. मी सभा घेतली, चादरी टांगल्या, गच्चीवर चढलो. ती रोज पाच वेळा रुमाल बांधायची आणि सोडायची, बस्स.

आठव्या दिवशी रविवार होता. तिनं पाचही रुमाल ओळीनं दोरीवर घातले आणि मला हाक मारली. बाजाराचा रुमाल मातीनं तांबूस झाला होता. जिनाच्या रुमालावर तंतू. सकाळच्या रस्त्याचा चांगलाच करडा. पण सगळ्यांत वाईट होता तो एका टाक्याचा. त्यावर नाकपुड्यांच्या जागी दोन डाग होते, पिवळट काळे, चिकट, बोटानं पुसले तर पसरणारे.

"हा कुठला?" मी विचारलं. विचारतानाच उत्तर कळलं होतं, पण माणूस एक प्रयत्न करून बघतो.

"तुमच्या बिनधुराच्या शेगडीचा."

"पण तिला धूर येत नाही!"

"दिसत नाही, म्हणा."

आम्ही आत गेलो. शेगडी धुमसत होती. तिनं खिडकीवरची माझी चादर बाजूला केली आणि कौलाच्या फटीतून येणारा उन्हाचा कवडसा मला दाखवला. त्या पट्ट्यात निळसर काहीतरी वळत, वळसे घेत वर चढत होतं. मी ते आधी कितीदा पाहिलं होतं! छान दिसतं, असंही एकदा तिला म्हणालो होतो. पेटलेलं लाकूड निदान जळतं तरी. धुमसणारा भुसा अर्धा जळतो, उरलेल्या अर्ध्याची वाफ होते, आणि ती वाफ जरा वर जाऊन गार झाली की तिचेच कण होतात, डोळ्यांना हुलकावणी देतील इतके बारीक. म्हणजे वाचनालयात मी ज्याच्यासाठी दोन परातींचा खर्च केला, ते कण घरात रोज पहाटे फुकट तयार होत होते. सात ताटल्या मी गावभर मांडल्या आणि एकही घरात ठेवली नाही. वर खिडक्यांना खळ लावून, चादरी सोडून, त्या कणांबरोबर बायकोला मीच कोंडून ठेवलं होतं. रविवारी तिला जास्त त्रास का होतो, हे तिनं मला सांगूनही झालं होतं.

मी शेगडी उचलली आणि बाहेर नेली. डबा तापलेला होता हे बाहेर गेल्यावर कळलं. दोन बोटं भाजली. ते मी तक्रार म्हणून सांगत नाही.

खिडक्यांवरचे कागद खरवडायला अख्खा दिवस गेला. खळ उत्तम प्रतीची होती.

चार दिवसांत छातीतली शिट्टी कमी झाली. पण गेली नाही. कारण स्वयंपाक पुन्हा अंगणातल्या चुलीवर आला होता आणि पाच चुलींचा पराट्यांचा धूर सकाळी आवारातच कोंडायचा. संक्रांतीला सहा दिवस उरले. आणि सासरे चार दिवस आधीच आले. रजा काढून, घडी घातलेली रिकामी पिशवी काखेत मारून.

त्यांनी मुलीकडं पाहिलं, तिचं बोलणं ऐकलं. सकाळी अंगणात आले तेव्हा ती चुलीपुढं होती आणि चूल काळा धूर ओकत होती. सासरे बघत राहिले. मग म्हणाले, "ऊठ."

"बाबा, मी नाई येत म्हनून सांगितलं..."

"ऊठ म्हनतो नं. चुलीपुढून ऊठ. हे काय करून राहिली? पोट फुटेस्तोवर लाकडं कोंबली अन् हवेले जागाच नाई. काळा धूर म्हंजे न जळलेलं लाकूड. आमच्या इथं धुराड्यातून असा धूर निंघाला का डायवर फायरमनच्या सात पिढ्या काढते."

आणि त्यांनी चूल पायानं मोडली. मावशी ओरडत धावल्या, "अवो बाप्पा, माही चूल!" सासऱ्यांनी त्यांना शांतपणे विटा आणायला पाठवलं. अशा आवाजात की मावशींनी आणल्या. त्यांनी चूल जमिनीपासून दोन विटा उंच केली, खाली यार्डातल्या भंगारातून मागून आणलेली लोखंडी जाळी बसवली, म्हणजे राख खाली पडेल आणि हवा खालून वर येईल. मागं भोक ठेवून त्यात पत्र्याचा पन्हाळ गुंडाळून नळ उभा केला, छपराच्या वर जाईल असा. मग मला बोलावलं.

"जवाईबापू, सायन्स शिकवता नं? घ्या. पराट्या तोडा. हातभर तुकडे. ओली असंल ती बाजूले."

दुपारभर मी पराट्या तोडत होतो. भाजलेल्या बोटांनी. ते चुलीपुढं बसून मुलीला दाखवत होते : चारच काड्या, टोकं आत, जळत गेल्या की पुढं सरकवायच्या, एकदम कोंबायच्या नाहीत. नळातून येणारा धूर आधी काळा होता, मग करडा, मग जेमतेम दिसेल एवढा. सासरे मान वर करून त्याच्याकडं पाहत होते.

"दिसत नाई म्हंजे नाई, असं नाई हं, बाबा," बायको म्हणाली आणि माझ्याकडं न बघता एका टाक्याचा नवा रुमाल ओला केला. सासऱ्यांना रुमालाची गोष्ट कळली तेव्हा ते इतके हसले की त्यांनाच खोकला लागला. तो खोकला बराच वेळ थांबला नाही. आम्ही दोघंही उभे राहिलो. त्यांनी हातानंच खूण केली, बसा, माहं चालाचंच.

दुसऱ्या दिवशी मावशींनी आपली चूल त्यांच्यापुढं मांडली. तिसऱ्या दिवशी उरलेल्या बिऱ्हाडांनी. रजेचे चार दिवस सासऱ्यांनी आमच्या आवारात चुली मोडण्यात आणि बांधण्यात काढले. अकोल्यावरचं झाकण त्यानं उचललं गेलं नाही. सकाळी गच्चीवरून ते तसंच दिसायचं, इंजिनं होती, जिनं होती, हजारो चुली होत्या. पण आमच्या आवारापुरती त्याची एक बाजू विरळ झाली. उरलेलं बायकोनं स्वतः केलं. मला न सांगता ती मुख्याध्यापिकाबाईंकडं गेली आणि सकाळच्या पाळीऐवजी दुपारची मागून घेतली. बदल्यात चौथीचे दोन्ही वर्ग अंगावर घेतले. म्हणजे झाकण उचललं गेल्यावर, दहाच्या पुढं घराबाहेर पडायचं. मी तिला विचारलं, हे आधी का नाही सुचलं? ती म्हणाली, "सुचलं होतं. तुमची सभा व्हायची होती."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सासऱ्यांची रजा संपत होती. संध्याकाळची गाडी. ती शाळेत गेली होती. ते दुपारी म्हणाले, "जरा फिरून येतो," आणि तास झाला तरी आले नाहीत. मी शोधत निघालो. तिच्या शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून ते रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले होते. मला पाहिल्यावर तोंडावर बोट ठेवलं.

आतून तिचा आवाज येत होता. ती चौथीकडून एकोणतीसचा पाढा म्हणवून घेत होती; आधी ती, मागून मुली. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. ती रखडणार, मधे श्वास घेणार, म्हणून मी भिंतीला हात लावून उभा राहिलो. ती नवावर गेली, दहावर गेली, मुलींनी गोंगाट केला, आणि ती म्हणाली, "परत. आणि या वेळी मोठ्यानं." परत पहिल्यापासून. सासरे डोळे मिटून बोटांवर मोजत होते. दुसऱ्यांदा पाढा पुरा झाला तेव्हा ते गुडघ्यावर हात देऊन उठले, धोतर झटकलं आणि माझ्यापुढं चालू लागले.

ती पाच वाजता आली. बाबांनी पिशवी भरून दारात ठेवलेली. पिशवी भरलेली पाहून ती उंबऱ्यातच थांबली. चपलाही काढल्या नाहीत.

"बाबा, माहं काय काय घेतलं तुमी त्यात?"

"मावशीनं तिळाचे लाडू देल्ले. अन् राख देल्ली, भांडे घासाले, तुह्या मायसाठी. पराटीची राख लय बेस असते म्हने."

"अन् मी?"

"तू कायले?" सासरे पिशवी खांद्यावर टाकत म्हणाले. "तुले उद्या शाळा नाई का?"